शिक्का आणि मोर्तब

शाहू महाराज म्हटलं की आपल्या भागात पटकन कोल्हापूरचे राजर्षी शाहू डोळ्यांसमोर येतात. हा लेख त्यांच्यावर नाही. त्यांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं होऊन गेलेल्या साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांवर आहे. संभाजी महाराजांचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे नातू. शाळेच्या पुस्तकात ते पहिल्या बाजीरावाला पेशवाई देण्यापुरते येतात आणि पुढचं पान बाजीरावाचं सुरू होतं. पण मित्रांनो, सुरक्षित कनेक्शन आणि सर्टिफिकेटची साखळी हा विषय अभ्यासताना मला ज्या माणसाची सर्वांत जास्त आठवण झाली तो हा राजा. आपण कोण आहोत हे पटवून देण्यात त्यांच्या राज्याची सुरुवात गेली, आणि आपल्यामागून येणारा कोण आहे हे पटवण्याच्या घोळात शेवट.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळच्या गांगवली गावी झाला. नाव ठेवलं शिवाजी. शाहू हे नाव पुढे औरंगजेबाच्या छावणीत पडलं असं सांगतात. १६८९ साल उजाडलं आणि सगळंच उलटंपालटं झालं. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली आणि नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैद झाले. बादशहाने मुलाला सात हजारी मनसब दिली, म्हणजे कागदावर मोठा सरदार आणि प्रत्यक्षात कैदी! औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिने या मायलेकरांवर माया केली, तिचा त्यांना मोठा आधार होता. तरी कैद ती कैदच. १७०३ मध्ये शाहूंनी धर्म बदलावा असा बादशहाचा आग्रह सुरू झाला, तेव्हा प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी त्यांच्या जागी स्वतः धर्मांतर पत्करलं. एका माणसाऐवजी दुसऱ्याने उभं राहणं म्हणजे काय, याचा एवढा जड दाखला मला दुसरा माहीत नाही.

इकडे बाहेर स्वराज्य चालूच होतं. राजाराम महाराज जिंजीला गेले, परत आले, मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्याच वर्षी साताऱ्याचा किल्ला मोगलांकडे गेला. राजारामांच्या पत्नी ताराबाई यांनी आपल्या लहान मुलाला, त्याचंही नाव शिवाजीच, गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं त्या औरंगजेबाशी लढत राहिल्या. बादशहा १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) वारला. त्याचा मुलगा आझम दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेला निघाला, बरोबर शाहू होतेच. वाटेत माळव्यात दोराहा येथे ८ मे १७०७ रोजी त्याने शाहूंना सोडून दिलं. दयाबुद्धीने वगैरे नाही हो! घरी दोन छत्रपती झाले की मराठे आपापसात लढतील, हा सरळ हिशेब होता. आणि ओलीस म्हणून आई येसूबाई मोगलांकडेच ठेवून घेतल्या.

तर असा हा पंचविशीतला तरुण, मूठभर माणसं घेऊन, पैसा नाही, फौज नाही, अठरा वर्षांनी घरी चालला होता. आपण अमक्याचे अमके आहोत एवढं सांगणं त्याच्या हातात होतं. फोटो नाही, बोटांचे ठसे नाहीत, आधार कार्ड तर सोडूनच द्या. सात वर्षांच्या मुलाचा चेहरा पंचविसाव्या वर्षी कोणाला ओळखू येणार?

खानदेशात काही जण येऊन मिळाले. त्यात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष परसोजी भोसले होते. बखरी सांगतात की शाहू खरे आहेत हे लोकांना पटावं म्हणून परसोजी सर्वांसमक्ष त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. त्या काळात हे म्हणजे जाहीर सही करण्यासारखं होतं. भोसले आडनावाचा मोठा सरदार तोतयाबरोबर एका ताटात बसेल का? बसला तर त्याची स्वतःची अब्रू गेली. म्हणजे परसोजींनी आपली पत पणाला लावून दुसऱ्याची ओळख सांगितली.

ताराबाईंनी मात्र हा माणूस तोतया आहे असं जाहीर केलं. इथे ताराबाईंना खलनायिका करायची आपल्याकडे सवय आहे, पण मला त्यांची बाजू अगदीच चूक वाटत नाही. मोगलांच्या छावणीतून एक तरुण येतो, राज्य मागतो, मोगलांनीच त्याला सोडलेलं असतं. त्याच्यावर लगेच विश्वास ठेवणारा राज्यकर्ता शहाणा म्हणायचा का? आपण हॉस्टेलच्या नेटवर बसून अनोळखी साइट उघडताना ब्राउझर लाल पडदा दाखवतो आणि आपण चिडतो. ताराबाईंनी तोच लाल पडदा दाखवला. त्यांचं चुकलं ते पुढे. संशय घेणं ठीक, पण पुरावा ऐकायचाच नाही असं त्यांनी ठरवलं, आणि सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या की आम्ही शाहूंच्या बाजूला जाणार नाही.

सेनापती धनाजी जाधव फौज घेऊन निघाले. बरोबर परशुरामपंत प्रतिनिधी होते. धनाजींच्या मनात चलबिचल होती, कारण समोरचा खरा असला तर आपण आपल्याच धन्याच्या मुलावर हत्यार उचलणार. मग छावणीतून खंडो बल्लाळ चिटणीस शाहूंना पारखायला गेले. हा माणूस नीट पाहा. चिटणीस, म्हणजे राज्याची पत्रं लिहिणारा. जिंजीच्या संकटात राजारामांबरोबर राहिलेला. आणि त्याचे वडील बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच १६८१ मध्ये हत्तीच्या पायी दिलं होतं. त्याच संभाजी महाराजांचा मुलगा खरा की खोटा हे आता खंडो बल्लाळांनी सांगायचं होतं. खोटा म्हणून सांगितलं असतं तर बापाचा सूड आपोआप उगवला असता, कोणी बोटही दाखवलं नसतं. खंडो बल्लाळ परत आले आणि त्यांनी सांगितलं की शाहू खरे आहेत. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला (आजचं राजगुरुनगर) लढाई उभी राहिली तेव्हा धनाजी बाजूला झाले आणि शाहूंना मिळाले. परशुरामपंत माघार घेऊन साताऱ्याच्या किल्ल्यात जाऊन बसले.

आता थोडं आपल्या विषयाकडे वळतो. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पाठवतो. त्यावर मधल्या एका संस्थेची सही असते. त्या मधल्या संस्थेचंही सर्टिफिकेट सोबत येतं, त्यावर मूळ संस्थेची सही असते. मूळ संस्थेचं सर्टिफिकेट पाठवायची गरज नसते, कारण ते तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच ठेवलेलं असतं. साखळी तिथे येऊन टेकली की कुलपाचं चिन्ह दिसतं. शाहू हे टोकाचं सर्टिफिकेट, सही खंडो बल्लाळांची, आणि खंडो बल्लाळांवर धनाजींचा विश्वास जिंजीपासूनचा, म्हणजे आधीच घरात असलेला. साखळीत एकच कडी. म्हणून काम झालं.

साखळी लांब झाली तर काय होतं? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात, आणि गंमत नेमकी तिथेच आहे. आपण रोज वापरतो त्या टीएलएस प्रोटोकॉलमध्ये सर्टिफिकेटच्या संदेशाची लांबी लिहायला २४ बिट ठेवलेले आहेत. म्हणजे तत्त्वतः एक साखळी १६ एमबीपर्यंत जाऊ शकते. नेहमीच्या साइटची साखळी साधारण तीन-चार केबी असते, म्हणजे १६ एमबी हा आकडा किती अफाट आहे बघा. समजा एखादा सर्व्हर येणाऱ्याकडूनही सर्टिफिकेट मागतो, आणि १००० अनोळखी जण एकाच वेळी १६ एमबीच्या साखळ्या घेऊन दारात उभे राहतात. १६ जीबी मेमरी नुसती ऐकून घेण्यात जाणार! यातला एकही खरा असण्याची गरज नाही. कारण साखळी घेणं, ती मेमरीत ठेवणं, उलगडणं हे सगळं काम विश्वास बसण्याच्या आधी करावं लागतं. खरा खोटा कळेपर्यंत दोघांचीही सरबराई सारखीच. म्हणून ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीत या यादीला १०० केबीची मर्यादा आधीपासून घालून दिलेली असते. मोठी साखळी आली की ती पूर्ण न वाचताच कनेक्शन तोडायचं. तेच १००० जण आता जास्तीत जास्त १०० एमबी खातील. मर्यादा वाढवता येते, कमी करता येते, पण फार कमी केली तर खराच पाहुणा दारातून परत जातो. ताराबाईंनी ती शून्यावर ठेवली होती.

गंमत म्हणजे मराठी दफ्तराला ही गोष्ट चांगली माहीत होती. आपण शिक्कामोर्तब हा एकच शब्द समजतो. ते मुळात दोन शिक्के आहेत. शिक्का म्हणजे मोठी मुद्रा, ती पत्र कोणाचं हे सांगते. मोर्तब म्हणजे लहान मुद्रा, ती मजकूर संपतो तिथे उमटवायची, म्हणजे खाली रिकाम्या जागेत कोणाला दोन ओळी घुसडता येऊ नयेत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मर्यादेचा उल्लेख असलेली मुद्रा असते; पेशव्यांच्या पत्रांच्या शेवटी लेखनसीमा असा शब्दच असतो. मोडी आपल्यापैकी कोणाला वाचता येत नसली तरी पुराभिलेखागाराने छापलेल्या फोटोत वरचा मोठा आणि खालचा छोटा ठसा कोणालाही ओळखता येतो. पत्र कोणाचं आणि पत्र कुठवर, दोन्ही कळल्याशिवाय कागद पक्का नाही.

साताऱ्याचा किल्ला शाहूंना कसा मिळाला ते सांगायला हवं, कारण तिथे ओळख पटवण्याचा संबंधच आला नाही. किल्लेदार शेखमीरा याचं कुटुंब वाईत शाहूंच्या हाती सापडलं होतं. त्याने परशुरामपंतांना कैद केलं आणि दार उघडलं. सरळ दडपण! १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढे कधीतरी ते किल्ल्यावरून खाली उतरले आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वसलं. त्याला शाहूनगर म्हणत. आज आपण बसस्टँडवरून राजवाड्याला जातो ते त्यांच्याच वसाहतीतून.

ताराबाईंशी भांडण काही मिटलं नाही. त्या पन्हाळ्याला गेल्या, तिथे दुसरी गादी झाली. १७१४ मध्ये त्यांच्याच घरात उलथापालथ होऊन राजारामांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाईंचे चिरंजीव संभाजी गादीवर आले, ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले. हे नाव लक्षात ठेवा, ताराबाई पुन्हा येणार आहेत.

शाहू स्वतः रणांगणावर रमणारे नव्हते. शिकार, कुत्री, बागा, माणसं यांत त्यांचा जीव. लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. मोगलाईत वाढल्यामुळे ऐषारामी झाले असं त्यांच्याबद्दल लिहिणारे लिहितात. मला ते पूर्ण पटत नाही. हा माणूस राज्य चालवत होता ते विश्वास वाटून देऊन. १७ नोव्हेंबर १७१३ ला मांजरी येथे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद, १७ एप्रिल १७२० ला कऱ्हाडजवळच्या मसूरला बाजीरावांना. पद देताना वस्त्रं आणि शिक्के कट्यार द्यायचे. त्या शिक्क्यावर आधी राजाचं म्हणजे शाहूंचं नाव, मग पेशव्याचं नाव, मग त्याचं पद. आता कोणतंही एक्स.५०९ सर्टिफिकेट उघडून बघा. आधी देणारा कोण ते येतं, मग कधीपासून कधीपर्यंत, मग ज्याला दिलं तो. क्रम तोच! राजा बदलला की पेशव्याला नव्या नावाचा शिक्का लागायचा, जुना चालत नसे.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परत आले ते दोन मोठ्या गोष्टी घेऊन. एक म्हणजे स्वराज्याच्या आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा, म्हणजे वसुलाचे २५ टक्के आणि वर १० टक्के. दुसरी म्हणजे येसूबाई. तीस वर्षांच्या कैदेनंतर त्या साताऱ्याला आल्या. सनदांवर इतिहासकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. सदतीस वर्षांच्या शाहूंना त्या दिवशी सनदेपेक्षा काय मोठं वाटलं असेल ते सांगायला इतिहासकार कशाला हवा?

कोल्हापूरच्या संभाजींशी वाद मात्र बराच काळ धुमसत राहिला. ज्याच्या त्याच्या सनदा. एकाच गावाला दोन छत्रपतींचे कागद, गावकऱ्याने मानायचा कोणता? अखेर फेब्रुवारी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा चुलतभावांची भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणा नदी ही हद्द ठरली. नदीच्या दक्षिणेला कोल्हापूरचा शिक्का, उत्तरेला साताऱ्याचा. मिरज, तासगाव, अथणी हा भाग शाहूंच्या बाजूला आला. आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांमधून वारणा वाहते, आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत तिच्यावरचा पूल ओलांडून घरी जातात. कागदावर मिळालेली मिरज प्रत्यक्षात मोगलांकडून घ्यायला मात्र १७३९ चा ऑक्टोबर उजाडला, आणि तेव्हा शाहू स्वतः मोहिमेवर होते. रणांगणावर न रमणारा राजा मिरजेला गेला, याची आपल्याकडे फारशी कोणी आठवण काढत नाही.

वारणेच्या तहासारखी गोष्ट आपल्या देशात अगदी अलीकडे घडली आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं फिरताना सापडली. त्यावर सही होती एनआयसीच्या मधल्या सर्टिफिकेटची, आणि त्याची मुळी भारत सरकारच्या सर्टिफिकेट नियंत्रकापर्यंत जात होती. साखळी बघायला गेलं तर बिनचूक! एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द झाली, आणि क्रोमने भारताच्या मूळ सर्टिफिकेटला हद्द आखून दिली, की तुमची सही गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरतीच चालेल, त्यापलीकडे नाही. म्हणजे मर्यादा नुसती केबीत नसते. साखळी किती कड्यांची असावी, कोणत्या कडीने पुढे आणखी कड्या जोडाव्यात की नाही, कोणत्या हद्दीत तिचा शिक्का चालावा, हे सगळं सर्टिफिकेटवरच लिहिण्याची सोय आहे.

ती सोय शाहूंच्या राज्यात कमी पडू लागली होती. छत्रपतींचा प्रतिनिधी, प्रतिनिधीचा मुतालिक. पेशव्याखाली सरदार, सरदाराखाली कारभारी. प्रत्येकाकडे शिक्का. शाहूंच्या पश्चात पेशव्यांविरुद्ध सांगोल्यात जो उभा राहिला तो यमाजी शिवदेव हा प्रतिनिधींचा मुतालिक होता, म्हणजे प्रतिनिधीचाही प्रतिनिधी! राजा साताऱ्यात आणि त्याच्या नावाने सही करणारा तिसऱ्या-चौथ्या कडीवर. शाहू होते तोवर हे निभावलं, कारण भांडण कितीही वाढलं तरी शेवटी सगळे साताऱ्याला येत आणि शाहूंचा शब्द मानत. साखळीचं मूळ जागेवर होतं.

आणि शाहूंना मुलगा नव्हता. १७४० नंतर त्यांची प्रकृती ढासळू लागली तशी पुढे कोण ही चिंता वाढली. कोल्हापूरच्या संभाजींना गादी द्यायची शाहूंची इच्छा नव्हती. तेव्हा ताराबाई पुढे आल्या. कोल्हापूरकरांच्या कैदेतून सुटून त्या कधीच्या साताऱ्यात आल्या होत्या, शाहूंनीच त्यांना किल्ल्यावर ठेवून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं की माझा मुलगा शिवाजी पन्हाळ्यावर कैदेत वारला तेव्हा सून भवानीबाई गरोदर होती. मुलगा झाला. दगाफटका होईल म्हणून त्याला गुपचूप बाहेर काढलं, तो बार्शीकडे पानगावात त्याची बहीण दर्याबाई निंबाळकर हिच्याकडे वाढला आहे. त्याचं नाव रामराजा.

आता ही साखळी तपासा. पन्हाळ्यावरचा गुप्त जन्म, गडाबाहेर नेणं, लपवून वाढवणं, पानगाव. कड्या पुष्कळ आहेत, वीस वर्षांहून लांब. पण आजी, सून, नात, सगळी एकाच घरातली माणसं. बाहेरचा परसोजी नाही, सूड सोडून खरं सांगणारा खंडो बल्लाळ नाही. शेवटी सगळं एका ताराबाईंच्या शब्दावर येऊन थांबतं. आपल्या भाषेत याला सेल्फ-साइन्ड म्हणतात. मध्ये कितीही कागद लावा, सही एकाच हाताची. आणि हात कोणाचा, तर १७०७ मध्ये खऱ्या शाहूंना खोटं म्हणणाऱ्या बाईंचा. शाहूंच्या राणी सकवारबाई तर उघड म्हणत होत्या की हा मुलगा बनावट आहे.

शाहूंनी विश्वास ठेवला. का ठेवला असेल? दुसरा पर्याय नव्हता हे एक कारण. पण मला राहून राहून वाटतं की एकेकाळी ज्याला सगळ्यांनी तोतया ठरवायला घेतलं होतं, त्याला लपून वाढलेल्या दुसऱ्या मुलाला तोतया म्हणवेना. आपल्या अखेरच्या दिवसांत शाहूंनी बाळाजी बाजीरावांना, म्हणजे नानासाहेब पेशव्यांना, दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. फौज सांभाळा, राज्य चालवा, कोल्हापूरचे नकोत, पुढे होणाऱ्या वंशाच्या आज्ञेत राहा, असा त्यांचा आशय. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारले. सकवारबाई सती गेल्या, त्यांच्यावर तशी वेळ आणली गेली असंही लिहिलेलं आहे.

रामराजा साताऱ्याला आले. ग्रँट डफने लिहिलं आहे की ताराबाईंनी आधी सर्वांसमक्ष त्यांच्याबरोबर जेवायचं आणि अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचं सांगायचं ठरवलं. पुन्हा जेवण, पुन्हा साक्ष. परसोजींचं ताट बेचाळीस वर्षांनी परत मांडलं गेलं. ४ जानेवारी १७५० ला राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी सांगोल्याला करार होऊन कारभार पुण्याकडे गेला. नातवाने पेशव्याला दूर करावं अशी आजीची इच्छा होती, नातू ऐकेना, तेव्हा २४ नोव्हेंबर १७५० रोजी ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. आणि १७५२ मध्ये पेशव्यांशी समेट करताना जेजुरीला खंडोबाच्या देवळात त्यांनी शपथ घेतली की रामराजा माझा नातू नाही.

ज्या सहीवर सर्टिफिकेट उभं होतं ती सही करणाऱ्यानेच मागे घेतली, तर नियमाप्रमाणे ते त्या क्षणी बाद. पण नानासाहेबांनी काय केलं? काहीच नाही. रामराजांना गादीवरून काढलं नाही आणि ताराबाईंच्या कैदेतून सोडवलंही नाही. मूळ सर्टिफिकेट बदलायचं तर त्याखालचा एकूण एक कागद बदलावा लागतो, स्वतःच्या पेशवाईपासून. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टिम बंद पडली असती. पुढे पेशव्यांच्या शिक्क्याने मिरजेला पटवर्धन आले, १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीत बस्तान बसवलं. त्या सगळ्यांच्या साखळीचं मूळ साताऱ्यातच होतं.

तोतयांचा प्रश्नही संपला नव्हता. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक माणूस उभा राहिला, त्याला फौज मिळाली, कोकणातले किल्ले मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला मारेपर्यंत पुण्याच्या दरबाराला घाम फुटला होता.

ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये वारल्या. माधवराव पेशव्यांनी रामराजांची कैद सैल केली, पण ते साताऱ्यातच राहिले. ९ डिसेंबर १७७७ रोजी ते वारले. आजीने देवासमोर नाकारलेल्या या राजाचं राजाराम हे नाव तोवर पेशव्यांच्या शिक्क्यावर पहिलं उमटत होतं, आणि पत्राच्या तळाशी लेखनसीमा.